एचडीएल ६२ आहे म्हणून गोळी बंद?

माझ्या काकांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, स्टेंट बसवलेला आहे. त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली आणि ज्या मेसेजमुळे केली तो मलाही पाठवला. मेसेज लांबलचक आहे. सार एवढंच: कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा, अमेरिकेनेच २०१५ साली आहारातली मर्यादा उठवली, कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतच बनवतं, म्हणून लोणी हवं तेवढं खा, आणि चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर असेल तर ते वाईट झाडून नेतं, तेव्हा गोळी सोडा.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो जिवावर बेतणारा आहे. काकांच्या गोळी सुरू होण्याआधीच्या रिपोर्टात एचडीएल, म्हणजे ते ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ६२ होतं. त्याच्याच खालच्या ओळीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६८ होतं, ते मात्र त्यांना आता दिसत नाही. एचडीएल रक्तवाहिन्यांतलं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतं, हे खरं. पण म्हणून ते जास्त असलं की एलडीएल कितीही चालतं, हे कुठून आलं? टोरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून जास्त वाढत होतं. २००६ मध्ये त्याची चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढले होते.

उलट एलडीएल उतरवल्यावर काय होतं ते १९९४ सालीच दिसलं. स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांवर चाचणी झाली. सगळे काकांसारखेच, झटका येऊन गेलेले किंवा अंजायनाचे (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणारे). निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन (एलडीएल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी), निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात दिखाऊ गोळीच्या गटात २५६ जण गेले, सिमव्हास्टॅटिनच्या गटात १८२. हे कुठल्याही कारणाने झालेले मृत्यू आहेत, त्यामुळे आकडे सोयीने मोजले असंही म्हणता येत नाही. चाचणीला पैसा औषध कंपनीचा होता, हे मान्य. पण ज्या मुलांना आई-वडील दोघांकडूनही एलडीएल रक्तातून न उचलणारं जनुक मिळतं, त्यांच्या कातडीखाली कोलेस्टेरॉलच्या पिवळसर गाठी येतात आणि उपचार नसतील तर विशीच्या आतही झटका येतो. त्या मुलांच्या बाबतीत कुठल्या कंपनीने कारस्थान केलं? याच आजाराचा माग काढत ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी रक्तातलं एलडीएल पकडून आत घेणारे पेशींवरचे रिसेप्टर शोधले. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं.

अमेरिकेचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा २०१५-२०२० च्या आहार मार्गदर्शिकेतून गेली. पण त्याच मार्गदर्शिकेत आहारातलं कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमी ठेवा असंही होतं, आणि संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा असंही. मेसेज लिहिणाऱ्याने ते सोयीस्कर गाळलं.

यकृताचा मुद्दाही खरा आहे, पण निष्कर्ष उफराटा. रक्तातलं एलडीएल उचलण्याचं कामही मुख्यतः यकृतच करतं, आणि संपृक्त चरबी त्याचे रिसेप्टर कमी करते. म्हणून बहुतेकांच्या बाबतीत एखाद्या अंड्यापेक्षा रोजचं लोणी, चरबीचं मटण, पामतेल, खोबरेल तेल एलडीएल जास्त चढवतं. ट्रान्स फॅट (तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणारी चरबी) त्याहून वाईट: एलडीएल वाढवतं आणि एचडीएल उतरवतं. ओट्स, कडधान्यं यांतला विरघळणारा तंतू पित्ताम्लं (पित्तातली, चरबी पचवायला लागणारी आम्लं) बांधून बाहेर नेतो. नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. म्हणजे खाण्याने फरक पडतो. फक्त झटका येऊन गेलेल्याचं एलडीएल जेवढं खाली हवं, तेवढं बहुधा नुसत्या खाण्याने उतरत नाही.

गोळीने स्नायू दुखतात, ही तक्रार काहींची खरी असते. काकांचीही असेल तर त्यांनी ती डॉक्टरांना सांगावी: डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, जोडीला इझेटिमाइब (आतड्यातून कोलेस्टेरॉल कमी शोषू देणारं औषध) देता येतं. मी या आठवड्यात त्यांना घेऊन जाणार आहे.