कलम ५७ चा मेसेज आणि नव्या घराचा मीटर

'वीज कायदा २००३, कलम ५७', पुढे कुठलासा परिशिष्ट क्रमांक आणि २००५ सालची तारीख. अशी सुरुवात असलेला मेसेज तुमच्याही गावाच्या ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेला असेल. त्यातले दावे थोडक्यात असे: लेखी अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत कनेक्शन मिळालंच पाहिजे, नाही मिळालं तर आठवड्याला १०० रुपये भरपाई. घरगुती कनेक्शनला १५०० रुपये, शेतीपंपाला ५००० रुपये, खांब-तारांचा सगळा खर्च कंपनीचा. मीटर स्वतःचा बसवता येतो. आणि आपल्या जमिनीत खांब किंवा डीपी (ट्रान्सफॉर्मर) असेल तर महिन्याला दोन ते पाच हजार रुपये भाडं.

मी वायरिंगची कामं घेतो, लायसन्स आहे. नव्या घराचा मीटर येईपर्यंतची धावपळ बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडते. गेल्या उन्हाळ्यात एका काकांनी या मेसेजची प्रिंट काढून शाखा कार्यालयात नेली. कोटेशन, म्हणजे किती पैसे भरायचे ते सांगणारं कंपनीचं पत्र, हातात आलेलं होतं, पण 'पंधराशेच्या वर एक रुपया देणार नाही' म्हणून त्यांनी ते भरलंच नाही. दीड महिना गेला, वास्तुशांत भाड्याच्या जनरेटरवर झाली. मग आठवड्याला शंभरच्या हिशेबाने भरपाई मागायला गेले, तेव्हा कळलं की त्यांचे ३० दिवस अजून सुरूच झालेले नाहीत. काकांचा हक्क होता, नाही असं नाही. हातातला कागद तेवढा भलताच होता.

आधी ते कलम ५७. कायद्याचं पुस्तक उघडून बघा. तीन छोटी पोटकलमं आहेत. वीज नियामक आयोगाने वीज कंपनीच्या सेवेचे निकष ठरवावेत. निकष मोडले तर आयोग ठरवील ती भरपाई ग्राहकाला मिळावी. ती ठरल्यापासून ९० दिवसांत द्यावी. बस. त्यात ३० दिवस नाहीत, शंभर रुपये नाहीत, खांब नाही आणि डीपीही नाही. शंभर रुपयांचा आकडा महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या विनियमांतला आहे. त्यांच्या जागी २०१४ मध्ये नवे विनियम आले आणि २०२१ मध्ये पुन्हा नवे. म्हणजे दोनदा मोडीत निघालेला कागद आपण साहेबांच्या टेबलावर ठेवतो, आणि साहेब हसले की चिडतो.

३० दिवस. ही मुदत कलम ४३ मध्ये आहे. जागेच्या मालकाने किंवा ताबेदाराने अर्ज केला की महिन्याभरात वीज देणं हे कंपनीचं कर्तव्य आहे. पण 'अर्ज' म्हणजे काय, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय: सर्व बाबतींत पूर्ण, ठरलेल्या नमुन्यातला आणि लागणारे पैसे भरल्याच्या पुराव्यासह. साध्या कागदावर 'मा. साहेब, विनंती की' लिहून आवकचा शिक्का मारून घेतला की घड्याळ सुरू झालं, असं नाही. कोटेशन भरलेलं नसेल तर ते थांबलेलंच असतं. काकांचं तेच झालं.

गंमत अशी की इथे मेसेज तुम्हाला हक्कापेक्षा कमीच सांगतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले, २०२४ मध्ये त्यांत दुरुस्ती केली. आता नव्या कनेक्शनची कमाल मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका हद्दीत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस. ३० दिवस उरलेत ते फक्त डोंगराळ ग्रामीण भागासाठी. आमच्या खालच्या गावांतले लोक सह्याद्रीच्या कड्यावरच्या वाडीची मुदत मागत फिरतात, याला काय म्हणावं! मात्र जवळपास लाइनच नसेल, नवी ओढावी लागणार असेल किंवा उपकेंद्र उभारावं लागणार असेल, तर ही मुदत लागू होत नाही. ते काम झालं की लगेच, किंवा आयोगाने ठरवलेल्या वेळेत. शिवारात, गावापासून लांब एकटं घर बांधणाऱ्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं.

त्याच नियमांत १० किलोवॉटपर्यंतच्या कनेक्शनला दोनच कागद सांगितलेत: ओळखीचा पुरावा आणि मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा. ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा चालतो. शहरातल्या इमारतींचं जरा वेगळं आहे. बांधकाम पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला (ओसी) दाखवल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात म्हटलंय. त्यामुळे 'ओसीचा आणि मीटरचा काय संबंध' हे जुनं उत्तर आता अंगाशी येऊ शकतं.

याशिवाय आमच्यासारख्या परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा सहीचा दाखला लागतो, आणि उशिराचं खापर दर वेळी ऑफिसवर फोडण्यात अर्थ नाही. वायरिंग एकाने करायचं, रिपोर्टवर सही दुसऱ्याची आणायची, तो सहीवाला लग्नसराईत सापडत नाही, असे पंधरा पंधरा दिवस आमच्याच धंद्यातले लोक घालवतात. अर्थिंगचा खड्डा न खणताच रिपोर्ट भरणारेही पाहिलेत.

अलीकडे मेसेजला आणखी एक शेपूट फुटलंय: उशीर झाला तर रोज हजार रुपये मिळतात. कलम ४३ मध्ये हजाराचा उल्लेख आहे, पण तो दंडाचा. दिवसाला एक हजारापर्यंत, म्हणजे ती वरची मर्यादा. दंड आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंड तुमच्या खात्यात जमा होत नाही.

आणि वाट बघण्याच्या काळात भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढू नका. वीज ज्या जागेसाठी मंजूर आहे ती सोडून दुसरीकडे वापरणं हा कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर आहे. आकारणी दुप्पट दराने होते, आणि कधीपासून वापर चालू होता ते कळलं नाही तर थेट मागच्या बारा महिन्यांची. बिल ज्याच्या नावावर त्याच्या माथी. भाऊबंदकीला एवढं निमित्त पुरतं.

पंधराशे रुपये आणि फुकट खांब. हा दावा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त घातक. सरसकट १५०० असा दर कुठेच नाही. आयोगाने मंजूर केलेलं शुल्कपत्रक असतं. त्यात भार किती, सिंगल फेज की थ्री फेज, वायर वरून येणार की जमिनीखालून, यावर रक्कम ठरते. सोबत प्रक्रिया शुल्क आणि सुरक्षा ठेव. ठेव हा खर्च नव्हे, ती तुमचीच रक्कम आहे, आणि तिच्यावर किमान रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटने व्याज द्यावं असं कायदाच सांगतो. थ्री फेज मागताना मात्र विचार करा. सिंगल फेजची मर्यादा ४० अँपिअर आहे, म्हणजे साधारण ९ किलोवॉट. दोन एसी, गिझर आणि पाण्याची मोटर असलेलं घरही त्यात बसतं. तरी शेजाऱ्याने घेतलं म्हणून थ्री फेज घेतात आणि दर महिन्याला कितीतरी जास्त स्थिर आकार भरत बसतात.

आता खांब. ८ सप्टेंबर २००६ च्या आदेशात आयोगाने नव्या ग्राहकांकडून 'सर्व्हिस लाइन चार्जेस' घ्यायला महावितरणला मनाई केली. वितरणाचं सामायिक जाळं उभारणं हे कंपनीचं काम, त्याचा खर्च सगळ्यांच्या वीजदरातून निघतो, नव्या माणसाच्या खिशातून नाही. महावितरण या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १० नोव्हेंबर २०१६ रोजी अपील फेटाळलं गेलं. मेसेजमधल्या 'खांब-तारा कंपनीच्या' या वाक्याला जो काही आधार आहे तो हा. म्हणून भांडायचंच तर २००६ चा आदेश आणि २०१६ चा निकाल हातात घेऊन भांडा, कलम ५७ कशाला?

पण 'सगळा खर्च' नाही. शेवटच्या खांबापासून तुमच्या मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर तुमच्या शुल्कात आहे. आणि एखादी सोय फक्त तुमच्यासाठी, स्वतंत्र मागून घेतली, तर ती 'समर्पित सुविधा' ठरते आणि तिचा खर्च मागणाऱ्याचा.

प्रत्यक्षात काय होतं? कंपनी म्हणते, योजनेत निधी आला की खांब टाकू. घर तर बांधून तयार असतं. मग कोणीतरी सुचवतं, वन पॉइंट थ्रीमध्ये करून घ्या. म्हणजे १.३ टक्के देखरेख शुल्क भरायचं आणि काम स्वतः परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायचं. घाईच्या माणसाला हा मार्ग सोयीचा वाटतो, मीही अशी कामं केलीत. पण सही करण्याआधी एक गोष्ट विचारा: हे काम परताव्याचं आहे की समर्पित सुविधेचं? परताव्याचं असेल तर तुमचे पैसे पुढच्या बिलांतून वळते व्हायला हवेत, आणि तसं मंजुरीच्या पत्रात लिहिलेलं हवं. 'नंतर बघू' म्हणून केलेल्या कामाचे दोन खांब कंपनीचे होतात, त्यांवरून पुढे चार घरांना कनेक्शन जातं, आणि पैसे घातलेला माणूस ऑफिसच्या बाकावर बसून राहतो.

कोटेशन चुकीचं वाटलं तर न भरता घरी बसू नका. हरकत लेखी नोंदवून भरा आणि ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथे न्याय मिळाला नाही तर मुंबईत आणि नागपुरात विद्युत लोकपाल आहेत. वकील लागत नाही. पावत्या आणि तारखा लागतात.

स्वतःचा मीटर. हे खरं आहे. कलम ५५ प्रमाणे ग्राहक मीटर विकत घेऊ शकतो. पण तो मानकांत बसणारा हवा आणि तपासून सील कंपनीच करणार. कंपनी स्वतःचा मीटर देत असताना नव्या घराला यात फायदा काय, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

खांबाचं भाडं. सगळ्यात जास्त फॉरवर्ड होतो तो हाच मुद्दा. दोन ते पाच हजार महिना, हा दर कुठल्याही कलमात नाही. लाइन टाकताना झालेल्या नुकसानीची भरपाई कलम ६७ मध्ये आहे. त्याखालच्या २००६ च्या नियमांनुसार खाजगी जमिनीत काम करायला आधी मालकाची संमती लागते. मालकाने हरकत घेतली तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि ते भरपाई किंवा वार्षिक भाडं किंवा दोन्ही ठरवून देऊ शकतात. म्हणजे भाडं हा शब्द कायद्याच्या जगात आहे, पण वार्षिक, आणि तोही त्या त्या प्रकरणात ठरवलेला. हायटेन्शन मनोऱ्यांच्या मोबदल्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं ६६ केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी आहेत. गल्लीतल्या खांबाशी त्यांचा संबंध नाही.

काकांनी शेवटी कोटेशन भरलं आणि नवव्या दिवशी मीटर लागला. प्लॉटच्या कोपऱ्यात एक जुना खांब आहे, त्याचं भाडं कधी सुरू होणार, असं अजून विचारतात. मी त्यांना दुसरंच सांगतोय. त्या खांबावरून ११ केव्हीची लाइन जाते. घराच्या भिंतीपासून ती आडवी किमान १.२ मीटर आणि छतापासून उभी ३.७ मीटर लांब असावी लागते. घर बांधणाऱ्यामुळे लाइन सरकवावी लागली तर तो खर्च घर बांधणाऱ्याचा. काकांना वरच्या मजल्याची गॅलरी नेमकी त्याच बाजूला काढायची आहे. मी येऊन मोजेपर्यंत सेंट्रिंग थांबवा म्हणून सांगितलंय, रविवारी टेप घेऊन जाणार आहे.