चालता रणगाडा विकायचाय? मग ही पथ्यं पाळा

पट्ट्यांवर सरपटणारे रणगाडे ही जुन्या खोडांची हौस आहे, लढायला पायच हवेत, हे तुम्हाला पटलंय ना? उत्तम. आता ते लष्कराच्या गळी उतरवायचं तेवढं राहिलं.

उंची भरपूर ठेवा. सोव्हिएत टी-७२ रणगाडा करणाऱ्यांनी तो जेमतेम सव्वादोन मीटर उंच केला, आतल्या तिघांना अंग चोरून बसवलं. का, तर शत्रूला दिसायला नको. बांधाआड दडायचं आणि तोफेपुरतं डोकं वर काढायचं, याला काय मर्दुमकी म्हणायची? आपण दोन मजली उभं राहायचं. गुडघे तर लांबूनही ओळखू यावेत. समोरच्याला नेम कुठे धरायचा हा प्रश्न पडू नये.

वजनाचा हिशेब मात्र कुणाला मांडू देऊ नका. ४१ टनांचा टी-७२ दोन पट्ट्यांवर मिळून साधारण ५ चौरस मीटर जमिनीवर टेकतो. तेवढ्याच वजनाचा तुमचा दोन पायांचा गडी चालताना एक पाय उचलणार, म्हणजे टी-७२पेक्षा जास्त रुतायचं नसेल, तर टेकलेलं एकटं पाऊल ५ चौरस मीटरचं हवं. मुंबईच्या फ्लॅटमधलं अख्खं स्वयंपाकघर पायात घालून चिखल तुडवायचा! चित्रात पाय सडपातळच काढा. चिखलाचं कुणी विचारलंच, तर आपले शत्रू डांबरी रस्ता सोडत नाहीत म्हणून सांगा.

चालकाचं काय? जनरल इलेक्ट्रिकने १९६०च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी चार पायांचा ट्रक केला होता. पुढचे पाय चालकाने हातांनी हलवायचे, मागचे पायांनी, चारही एकाच वेळी. काही मिनिटांत माणूस घामाघूम. तो ट्रक आता व्हर्जिनियात, फोर्ट युस्टिसच्या संग्रहालयात आहे. ‘लष्कराने आजवर जपून ठेवलाय’ एवढंच सांगा. खोटं तर नाही ना ते.

बॉस्टन डायनॅमिक्स या यंत्रमानव बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं चारपायी यंत्र ‘एलएस३’ १८० किलो ओझं वाहायचं. २०१४ मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांनी ते हवाईत फिरवून पाहिलं. इंजिनाचा आवाज असा, की दबक्या पावलांनी चाललेल्या तुकडीचा पत्ता साऱ्या रानाला कळावा. २०१५ मध्ये प्रकरण गुंडाळलं. कद्रू लेकाचे! ‘शत्रूच्या उरात धडकी भरवणारी ध्वनियंत्रणा’ म्हणून त्याचे वेगळे पैसे लावता आले असते.

कुणी १५ जानेवारी २०२५च्या पुण्यातल्या सेनादिन संचलनाचा विषय काढला, तर तो मात्र लगेच उचलून धरा. खडकीला यंत्र-खेचरं चार पायांवर शिस्तीत चालली, लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. ती कमरेलाही लागत नव्हती, आत माणूस नव्हता, वर तोफ नव्हती, खडकांवरून थोडंफार सामान नेणं आणि टेहळणी एवढंच त्यांचं काम, हे तेवढं गिळा. पाय तिथेच कामाला येतात हे लष्कराच्या खरेदी समितीला उमगलं, तर ऑर्डर टनांवरून किलोंवर येईल, आणि तुमचं कमिशनही.