बारा हजार भागिले पन्नास

परवा एका अनोळखी माणसानं माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर बोटानं भागाकार केले. एक नाही, चार. काच धुळीनं माखलेली होती हे मान्य, पण धूळ माझी होती.

न्यू जर्सीत आमच्या भागात सभासदांसाठीचं एक घाऊक दुकान आहे. त्याच्या पंपावर गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, बाहेरच्यापेक्षा गॅलनमागे (म्हणजे पावणेचार लिटरमागे) वीस-पंचवीस सेंटनं स्वस्त मिळतो आणि तेवढ्यासाठी शनिवारी सकाळी आमचं अर्धं एडिसन गाव तिथं रांग लावतं. मीही लावतो. माझ्या टाकीत आठ-नऊ गॅलन बसतात, म्हणजे सगळी मिळून बचत दोन डॉलर. दोन डॉलरला इथं धड समोसाही येत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

गाडी हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. डॅशबोर्डवर गॅलनला ५२.३ मैल असा आकडा झळकत होता आणि तो तसाच राहावा म्हणून मी पुढच्या गाडीमागे जरा ऐसपैस जागा सोडून उभा होतो. सारखं पुढे-थांब, पुढे-थांब करायचं नाही, एकदाच सावकाश सरकायचं. अ‍ॅव्हरेज टिकतं. शेजारी बायको मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

मागून भोंगा वाजला. आरशात पाहिलं तर नुसती क्रोमची जाळी. माणूस दिसेना, आकाश दिसेना. हल्लीचे हे पिकअप ट्रक इतके उंच असतात की त्यांचे हेडलाइट थेट आपल्या टाळूवर पडतात. पुन्हा भोंगा. मग ट्रकचं दार उघडलं, विमानाला जिना लागावा तशी एक पायरी आपोआप खाली आली आणि तिच्यावरून एक साठीचे गृहस्थ उतरले. पायात बांधकामावर घालतात तसले बूट, पण त्यांना मातीचा कण नाही. मागे मैदानाएवढा हौदा, आणि त्यात एकटी घडीची खुर्ची. इंजिन चालूच.

काचेवर टकटक झाली.

"बडी, तुझ्या पुढे एक अख्खी गाडी मावेल."

"गॅस वाचवतोय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या गाडीकडे नाकापासून शेपटीपर्यंत पाहून घेतलं. "किती देते?"

विचारलं इंग्रजीत, पण सूर थेट सदाशिव पेठेतला. आणि इथं माझी कळी खुलली, कारण या प्रश्नाची मी जन्मभर वाट पाहत आलोय. आमच्या बाबांची चेतक होती. तिच्या डिकीत स्पॅनर, जुना फडका आणि एक खिशात मावणारी वही असे. वहीत तारीख, लिटर, किलोमीटर आणि शेवटच्या रकान्यात अ‍ॅव्हरेज. अ‍ॅव्हरेज घसरलं की बाबांचा चेहरा उतरायचा, मग कार्ब्युरेटर साफ व्हायचा, प्लग घासला जायचा, आणि घरात चौकशी सुरू व्हायची की स्कूटर परस्पर कोणी नेली होती. पेट्रोल संपलं आणि रिझर्व्हही संपलं, की स्कूटर डाव्या अंगाला तिरकी करायची, पुन्हा सरळ करायची, किक मारायची. तेवढ्यात पंप गाठायचा. अशा घरातला मुलगा अमेरिकेत आला तरी पन्नासची गाडी घेणार, सतराची नाही.

"पन्नास," मी म्हटलं. "आज बावन्न." आपल्या हिशेबात लिटरला एकवीस किलोमीटरच्या वर, हेही सांगणार होतो, पण त्या माणसाला लिटरशी काही देणंघेणं दिसलं नाही.

"आणि याच्या आधीची?"

"तीस."

"हा माझा वीस देतो. याच्या आधीचा पंधरा देत होता." त्यांनी ट्रकच्या दिशेनं अंगठा केला. "आता सांग, गाडी बदलून जास्त गॅस कुणी वाचवला? तू की मी?"

मी हसलो. कुणीही हसेल. तिसाचे पन्नास म्हणजे वीस वाढले. पंधराचे वीस म्हणजे पाच. यात विचारायचं काय?

"उतर खाली," ते म्हणाले.

का उतरलो देव जाणे. पण उतरलो, आणि ते मला माझ्याच गाडीच्या मागे घेऊन गेले. शाळेत फळ्याजवळ नेतात तसं म्हणणार होतो, पण शाळेत निदान मागून भोंगे वाजत नाहीत. इथं आता ट्रकच्या मागचे लोक वाजवत होते, कारण माझ्या पुढे एव्हाना दोन गाड्या मावतील एवढी जागा झाली होती. गृहस्थांनी मागे वळून हात वर केला आणि ओरडले, "एक मिनिट! गणित!"

मग तर्जनीनं लिहायला सुरुवात. वर्षाला बारा हजार मैल धरू. बारा हजार भागिले पंधरा, आठशे गॅलन. भागिले वीस, सहाशे. वाचले दोनशे. त्याखाली रेघ. आता तू. बारा हजार भागिले तीस, चारशे. भागिले पन्नास, दोनशे चाळीस. वाचले किती?

"एकशे साठ," खिडकीतून बायकोचा आवाज आला. मोबाइल खाली ठेवला होता.

"थँक यू, मॅम."

मी काचेकडे बघत राहिलो. आकडे स्वच्छ होते. सातचा आडवा दांडासुद्धा न देणारा हा देश, पण भागाकार चोख.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. गॅलनला किती मैल हे मोजमापच उफराटं आहे म्हणे. खिशातून जातात गॅलन, मग शंभर मैलांना किती गॅलन ते बघावं. नव्या गाडीच्या काचेवर सरकारी कागद चिकटवलेला असतो ना, त्यावर २०१३ च्या मॉडेलपासून तेही छापतात. "बारीक अक्षरांत असतं," ते म्हणाले. "तू मोठाच आकडा वाचला असशील."

मोठाच वाचला होता. मोठा आकडा मोठा छापतात तो वाचायलाच ना?

एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण त्यांना १९७९ आठवलं. तेव्हा ते कॉलेजात होते आणि गॅसची टंचाई. नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेला गॅस मिळायचा, विषम असेल तर विषम. वडिलांची गाडी विषम, काकांची सम, त्यामुळे दोघं भाऊ गाड्यांची अदलाबदल करून कामावर जायचे. मी म्हटलं, सँडी वादळानंतर २०१२ मध्येही इथं हेच झालं होतं, मी स्वतः रांगेत होतो. "तेव्हाही एवढीच जागा सोडली होतीस?" त्यांनी विचारलं.

शेवटी पंपाशी पोचलो. न्यू जर्सीत आपण आपल्या हातानं गॅस भरायचा नाही, १९४९ चा कायदा आहे. ओरेगॉननं २०२३ मध्ये मोकळीक दिल्यापासून असा हट्ट धरणारं हे एकटंच राज्य उरलंय. आमच्यातले कित्येक जण पेनसिल्व्हेनियात गेले की पंपाशी गाडीत बसून कुणाची तरी वाट बघतात. आमच्या पंपावर सरदारजी असतात. त्यांनी नळी लावली, मागची काच वाचली आणि म्हणाले, "पढाई चल रही है, सरजी?" माझ्या टाकीत आठ गॅलनला खट्कन आवाज झाला. पलीकडच्या पंपावर ट्रकचा मीटर वीसच्या पुढे गेला तरी फिरतच होता, आणि गृहस्थ पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे बघून हात हलवत होते.

"बरोबर आहे की त्यांचं," बायको परतीच्या वाटेवर म्हणाली.

बरोबर आहे म्हणूनच डोकं फिरतं ना! चूक असता तर हसून सोडून दिला असता. रात्री अकराला मला सुचलं, की अरे, मुळात पंधराची गाडी तू घेतलीसच का? दहाची घेऊन मग वीसची घेतली असतीस तर सहाशे गॅलन वाचवल्याचा सत्कार झाला असता. आजही तू माझ्या अडीचपट जाळतोस आणि वर माझी काच वापरतोस. पण रात्री अकराला हे ऐकायला जागं कोण होतं?

आणि एकट्या त्यांच्यावर तरी राग का काढा? १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखलं, तेव्हा या देशाला घाम फुटला. १९७५ मध्ये कायदा झाला की कंपन्यांनी गाड्यांचं अ‍ॅव्हरेज वाढवायचं. मोटारींना १९८५ पर्यंत २७.५ गाठायचं होतं. ट्रकला मात्र सवलत, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचा, सुताराचा. नव्वदीच्या उत्तरार्धात ट्रकची अट होती २०.७. मग काय, कंपन्यांनी हळूहळू सगळ्या देशालाच ट्रकमध्ये बसवलं. पोराला कराटेच्या क्लासला सोडायला ट्रक. आमच्या गल्लीत पाच आहेत, त्यांत एकातही कधी विटा, चारा, लाकूड पाहिलेलं नाही. मी छोटी गाडी घेऊन दोन ट्रकच्या मधे पार्क करतो आणि निघताना अंदाजपंचे मागे येतो, कारण दिसत काहीच नाही. गॅस वाचवल्याचं हे बक्षीस.

शिवाय भाव वाढला की सगळ्यांत जास्त आरडाओरडा ट्रकवालेच करतात. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी पाच डॉलरच्या वर गेली, तेव्हा पंपांवर राष्ट्राध्यक्षांचे स्टिकर लागले होते, भावाकडे बोट दाखवणारे. गॅलनमागचा केंद्राचा कर १९९३ पासून १८.४ सेंटवर आहे तो आहेच, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. मुंबईत पेट्रोलनं २०२१ मध्ये शंभरी ओलांडली, तेव्हा माझा मामेभाऊ दोन दिवस चिडला आणि तिसऱ्या दिवशी टाकी भरून अलिबागला गेला. मला फोनवर म्हणतो, "तुमच्याकडे काय बाबा, फुकटच." त्याला भाव रुपयांत सांगितला की पटत नाही, डॉलरांत सांगितला तर मी बढाई मारतोय असं वाटतं. आणि भाव तरी सरळ लिहितात का? प्रत्येक फलकावर शेवटी चिमुकले नऊ दशांश सेंट. एक दशांश सेंट कुठल्या नाण्यात परत देणार, विचारायची सोय नाही.

बायको म्हणते, एवढा त्रास होतो तर विजेची घे आणि मोकळा हो. म्हणून चौकशी केली. न्यू जर्सीत विजेच्या गाडीला दरवर्षी जादा पैसे भरावे लागतात, जुलै २०२४ मध्ये २५० डॉलरपासून सुरुवात झाली, कारण तुम्ही गॅस घेत नाही, म्हणजे गॅसचा कर बुडवता. रक्कम २०२८ पर्यंत दरवर्षी दहा डॉलरनं वाढत जाते, आणि नवी गाडी असेल तर चार वर्षांचे पैसे आधीच मोजायचे. वाचवणाऱ्याकडून आगाऊ वसुली! हा हिशेब मी बायकोला कागदावर मांडून दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला, एक बेरीज दुरुस्त केली आणि म्हणाली, "त्या ट्रकवाल्यांना विचार ना. शनिवारी असतीलच."