हजार पेरा, लाख उगवेल? फॉरवर्डमधून गळलेल्या ओळी

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या मावशी मोबाईल घेऊन आल्या. "बाळा, हे चौकोनी चित्र कसं रे स्कॅन करायचं?" कुणीतरी मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर टाकलेला मेसेज होता. असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर येत असतील. मजकूर थोडक्यात असा: देवाची लेकरं दरिद्री नसतात. दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) न देणारा देवाला लुटतो. येशू स्वतः श्रीमंत होता. सात दिवसांत १,००१ रुपयांचं बी पेरा, शंभरपट पीक घ्या. त्या विधवेने सर्वस्व टाकलं, तुम्ही काय टाकणार? खाली क्यूआर कोड.

मावशींचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात, त्यातले १,००१ पेरायला त्या निघाल्या होत्या. म्हटलं, मावशी, बसा जरा. शास्त्र, म्हणजे बायबल, काढतो.

मेसेजमध्ये ज्या वचनांचे आकडे दिलेत ती सगळी शास्त्रात आहेत. गंमत आहे ती वचन कुठे सुरू केलं आणि कुठे तोडलं यात. मागची-पुढची एकेक ओळ वाचत गेलो तरी काम भागतं.

"दशांश न देणारा देवाला लुटतो." बायबलमधलं मलाखीचं पुस्तक, तिसरा अध्याय, आठवी ते दहावी ओळ. दशांश आणा, मग आकाशकपाटं उघडून आशीर्वाद ओततो, ही गोष्ट तिथलीच. पण त्याच अध्यायाच्या पाचव्या ओळीत देव कुणाविरुद्ध साक्षीला उभा राहतो ते पाहा: मजुराची मजुरी दाबणारे, विधवा आणि अनाथांना नाडणारे, परक्याचा हक्क मारणारे. लुटीचा आरोप येण्याआधी ही यादी येते. कामगारांचा पगार दोन-दोन महिने थकवून दशांश मात्र वेळेवर टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी मलाखी फॉरवर्ड करत नाही.

आणि दशांश ज्या भांडारात आणायला सांगितलाय ते भांडार म्हणजे काय? धान्याचं कोठार. "माझ्या घरात अन्न असावं" असं कारण तिथेच दिलंय. लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, बाकीच्या वंशांसारखा जमिनीचा वाटा नव्हता, म्हणून दशांश त्यांच्यासाठी, हे गणना नावाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आहे. वाटा मिळेनासा झाल्यावर लेवी आणि गायक मंदिराची सेवा सोडून आपापल्या शेताला लागले, हे नहेम्याच्या १३व्यात.

पण मावशींना मी मुद्दाम वाचून दाखवला तो अनुवाद नावाच्या पुस्तकाचा १४वा अध्याय. आजवर कुठल्याच उपासनेत मी तो कधी ऐकलेला नाही, आणि का नाही हे कळायला फार डोकं लागत नाही. धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दशांश काढायचा आणि घरादाराने देवासमोर बसून तो खायचा! ठिकाण लांब असेल तर माल विकून रोकड गाठीला बांधायची, आणि तिथे पोचल्यावर मनाला येईल ते विकत घ्यायचं. गुरं, मेंढरं, द्राक्षारस, मद्य, काहीही. घरादारासह आनंद करायचा. मग दर तिसऱ्या वर्षी तो सगळा दशांश गावातच ठेवायचा. कुणासाठी? लेवी, उपरा, पोरका आणि विधवा यांनी यावं आणि पोटभर खावं म्हणून.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे मला मिळायला पाहिजे व्हय?"

तसंच म्हणायचं. मंडळीचा खर्च असतो, छप्पर गळतं, पाळकसाहेबांना घर चालवायचं असतं. मीही अर्पण देतो, आणि देऊ नका असं सांगत नाही. पण ज्या नियमात विधवेला घेणाऱ्यांच्या पंगतीत बसवलंय, तोच दाखवून तिच्याकडून वसुली करायची, हे काही पचत नाही.

"येशू श्रीमंत होता." याला पुरावे तीन देतात. एक, बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी, सोनं आणलं. दोन, त्याचा खजिनदार होता. तीन, त्याचा अंगरखा इतका भारी की शिपायांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या.

सोन्याचं काय झालं ते शास्त्र सांगत नाही. बाळाला घेऊन मरीया मंदिरात गेली तेव्हा अर्पण काय केलं ते मात्र लूकने दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय: होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं. लेवीयाच्या १२व्या अध्यायात ही सवलत कुणाला आहे? जिला कोकरू परवडत नाही तिला. म्हणजे देवळाच्या दारातच घरची परिस्थिती कळली.

खजिनदार होता, खरं आहे. त्याचं नाव यहूदा इस्कर्योत, आणि योहानाने १२व्या अध्यायात त्याला सरळ चोर म्हटलंय. डबीत पैसे यायचे ते इतरांच्या खिशातून. लूकच्या आठव्या अध्यायात देणाऱ्या बायांची नावं आहेत: मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना. पुढे कैसराच्या (रोमी सम्राटाच्या) कराचा वाद निघाला तेव्हा येशूला एक नाणं समोरच्यांकडून मागून घ्यावं लागलं.

अंगरखा बिनशिवणीचा, एका विणीचा होता. फाडला तर चौघांनाही चिंध्याच मिळणार, म्हणून चिठ्ठ्या. देहदंड दिलेल्याचे कपडे शिपायांनी वाटून घ्यायचे, हा त्या काळचा शिरस्ता. एवढ्यावरून कुणाला गर्भश्रीमंत ठरवायचं असेल तर आमच्या आजीचं हातमागाचं लुगडं पाहून तिला जहागीरदारीण म्हणावं लागेल.

"देवाची लेकरं दरिद्री नसतात." प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सात मंडळ्यांना पत्रं आहेत. स्मुर्णाच्या मंडळीला म्हटलंय, तुझं दारिद्र्य मला ठाऊक आहे, तरी तू श्रीमंत आहेस. लावदिकीयाची मंडळी म्हणते मी धनवान आहे, तिला उत्तर येतं की तू दीन, दरिद्री, आंधळी आणि उघडी आहेस. तुमची मंडळी यातली कुठली, ते ज्याने त्याने पाहावं.

याच मुद्द्याला योहानाच्या तिसऱ्या पत्राची दुसरी ओळ जोडतात: तुझं सर्व बाबतींत कुशल असो. अहो, पत्राचा मायना आहे तो! आपण "सर्व कुशल आहात असे समजतो" लिहायचो, त्यातून कुणी बँकेतल्या शिलकीची हमी काढली होती का? आणि त्याच पत्राच्या सातव्या ओळीत प्रवासी प्रचारकांचं कौतुक कशासाठी केलंय? ते परक्यांकडून काही न घेता निघाले म्हणून.

"बी पेरा." हे वचन करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं, नवव्या अध्यायाची सहावी ओळ: हात राखून पेरणारा तसंच कापील. लगेच सातवी ओळ: प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नाही आणि जुलमाने नाही. सात दिवसांची मुदत घालणं हा जुलूम नाही तर काय? बरं, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल ही वर्गणी गोळा करत होता ती यरुशलेमातल्या गरिबांसाठी. स्वतःसाठी एक दिनारही नाही. आठव्या अध्यायात तो कारण सांगतो की एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरावी, समानता व्हावी. आणि एवढी मोठी रक्कम एकट्याच्या हाती नको, कुणी बोट ठेवायला नको, म्हणून आपला सोबती तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ पाठवतो. आमचे खजिनदारकाका महिन्याच्या पहिल्या रविवारी वही उघडून चहाच्या भुकटीपर्यंत हिशेब वाचतात, तेव्हा पोरं जांभया देतात. मला मात्र दर वेळी हा अध्याय आठवतो.

रक्कम पाठवा आणि चमत्काराचं पीक घ्या, हा प्रकार खपू लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत. प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी तो रेडिओ-टीव्हीवरून घरोघरी पोचवला. १९८७ साली त्यांनी जाहीर केलं की ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला घरी बोलावून घेईल. पहिल्या काही पिढ्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना असले पाहुणे ओळखीचे असावेत. दिदाखे नावाची त्यांची एक जुनी नियमपुस्तिका आहे, १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिची प्रत सापडली. तिच्यात साधा नियम दिलाय: आत्म्याच्या प्रेरणेने बोलतो असं सांगून जो "मला पैसे द्या" म्हणतो त्याचं ऐकू नका. दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका.

"शंभरपट परत." मार्कचा दहावा अध्याय, ३०वी ओळ. घरं, भाऊ, बहिणी, आया, लेकरं, शेतं शंभरपट, "आणि त्यांच्याबरोबर छळ". मेसेजमध्ये वाक्य छळाच्या अलीकडेच संपलंय. पाच ओळी आधी उंट आणि सुईचं नेढं आहे: श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने नेढ्यातून जाणं सोपं. त्यावरही तोडगा तयार असतो की यरुशलेमच्या वेशीला नेढं नावाचा बुटका दरवाजा होता, उंट ओझं उतरवून गुडघ्यावर जायचा. असा दरवाजा होता याला त्या काळातला पुरावा नाही. नेढ्यातून जायची हौस असेल तर आपल्या रतनगडावर जावं, तिथे माणूस आरामात आरपार जातो. शिष्यांना मात्र हे ऐकून घाम फुटला होता, मग तारण कुणाचं होणार असं ते विचारू लागले. बुटका दरवाजा असता तर कशाला विचारलं असतं?

एक कबूल करतो. याच्या उलटा मेसेजही फिरतो, पैसा हेच सगळ्या पापाचं मूळ. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पैशाच्या लोभाला तसं म्हटलंय. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने निम्मी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट फेडलं. उरलेलं घर त्याच्याकडेच राहिलं, आणि येशू त्याच घरी उतरला.

राहिली ती विधवा. मावशींना हाच मुद्दा लागला होता. मार्कचा १२वा अध्याय: मंदिराच्या पेटीत तिने टाकल्या दोन टोल्या, म्हणजे एक दमडी, तिची सगळी उपजीविका. ही गोष्ट ४१व्या ओळीला सुरू होते. मी बोट वर सरकवलं. ४०वी ओळ: लांब झगे घालणारे शास्त्री विधवांची घरं गिळंकृत करतात आणि ढोंगाने लांबलचक प्रार्थना करतात. मग बोट खाली, १३व्या अध्यायावर. शिष्य मंदिराचे चिरे पाहून हरखलेत, आणि येशू म्हणतो, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. तिने मनापासून दिलं, त्याचा मान त्याने राखला. पण तिची शेवटची दमडी ज्या पेटीत पडली त्या पेटीचं कौतुक त्याने कुठेच केलेलं नाही.

मावशींनी दोन्ही ओळी स्वतः पुन्हा वाचल्या, चष्मा वर-खाली करत. मग मोबाईल माझ्या हातात दिला.

"पुसून टाक ते चित्र. आणि उद्या ये, दुधीला मांडव घालून दे. मंडळीत पिकाच्या उपकारस्तुतीचा सण असतो, तेव्हा लिलावात ठेवायचाय. मागल्या साली माझा भोपळा साडेतीनशेला गेला, म्हाईत हाय ना?"