खुलासा: एका व्हिडिओवरून ‘किती मीटरने हुकलं’ हे कळत नाही

ओडिशातल्या चांदीपूरच्या क्षेपणास्त्र चाचण्यांच्या चित्रफितींवर बाण आणि गोल काढून ‘क्षेपणास्त्र लक्ष्यापासून अमुक मीटरवरून गेलं’ असे दावे सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ते ग्राह्य धरू नका.

एकटा कॅमेरा फक्त दिशा सांगतो, खोली नाही. चित्रात दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले दिसले, तरी एक दुसऱ्याच्या शेकडो मीटर मागे असू शकतो. चंद्र नारळाच्या झावळीला टेकलेला दिसतो, तसंच हे.

म्हणून चाचणीक्षेत्रावर जागा नेमकी मोजून ठेवलेली किमान दोन प्रकाशीय स्थानकं लागतात. दोन्हीकडचे कॅमेरे एकाच घड्याळाला बांधलेले असतात. प्रत्येक चौकटीसोबत (फ्रेमसोबत) आडवा आणि उभा कोन नोंदला जातो आणि दोन दृष्टिरेषा जिथे मिळतात तिथे वस्तूची जागा ठरते. चुकीला वाव किती कमी, ते बघा: १० किलोमीटरवर कोनात एक मिलिरेडियनची (सुमारे ०.०६ अंशाची) चूक म्हणजे जागेत १० मीटरची चूक!

त्यात वेग आलाच. क्षेपणास्त्र आणि लक्ष्य सेकंदाला १००० मीटर वेगाने जवळ येत असतील, तर सेकंदाला ५० चौकटी टिपणारा कॅमेरा एका चौकटीतून दुसरीत जाईपर्यंत अंतर २० मीटरने बदलतं. सर्वांत जवळचा क्षण बहुधा दोन चौकटींच्या मध्येच निसटतो. तो मार्गावरून गणिताने काढावा लागतो.

आणि ‘आदळलं नाही, म्हणजे चाचणी फसली’ हेही सरसकट खरं नाही. सामीप्य फ्यूज (लक्ष्य जवळ आल्याचं ओळखून स्फोट घडवणारं साधन) असलेलं क्षेपणास्त्र लक्ष्याजवळून जातानाच फुटतं.