कार्ड धरणाऱ्याची परीक्षा

जीआरई, म्हणजे परदेशात पुढं शिकायला जाण्यासाठी द्यायची परीक्षा, लेकीची आहे, पण रात्री जेवणं आटोपली की परीक्षेला बसतो मी. रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा माझ्या हातात येतो. पुढे शब्द, मागे तिच्या किरट्या अक्षरात अर्थ. मी शब्द वाचायचा, तिनं अर्थ सांगायचा. घोडं अडतं ते वाचण्यापाशीच. मी ‘एपिटोम’ म्हटलं की ती म्हणते, "इपिटमी, बाबा!" ‘हायपरबोल’ला तर ती कॉटवर लोळली. तो म्हणे ‘हायपर्बली’ आहे. जन्मभर बँकेत इंग्रजी पत्रं लिहिली, पण मोठ्यानं वाचायची वेळ कधी आली नव्हती.

बोजड शब्दांचं मला काही वाटत नाही. ते निदान दिसतात तरी शत्रूसारखे. भीती वाटते ती साळसूद शब्दांची. ‘एनर्व्हेट’ ऐकून अंगात एनर्जी आल्यासारखं वाटतं, आणि अर्थ काय, तर अंगातलं त्राण काढून घेणं. ‘रेस्टिव्ह’ला क्षणाची विश्रांती नाही, तो अस्वस्थ. ‘नॉइसम’ आवाज करत नाही, घाण मारतो. त्याहून वाईट म्हणजे शाळेपासूनचे ओळखीचे शब्द. ‘फ्लॅग’ म्हणजे झेंडा, तो पंधरा ऑगस्टला. इथे फ्लॅग होणं म्हणजे थकून मंदावणं. ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे नीरस. ‘टेम्पर’ म्हणजे सौम्य करणं. आमच्या घरात टेम्पर चढतं, त्याच्या बरोब्बर उलट. लग्नात भेटलेल्या जुन्या शेजाऱ्यानं भलतंच आडनाव सांगावं, तशी गत.

पूर्वी या परीक्षेत सरळ विरुद्धार्थी शब्द विचारायचे. ऑगस्ट 2011 पासून ते बंद झाले, हे ऐकून मी उगाच खूश झालो. आता एका प्रकारात वाक्यात गाळलेली जागा, खाली सहा पर्याय, त्यातले दोन निवडायचे. दोन्ही बरोबर आले तरच गुण. एक बरोबर आला तर शून्य! अर्ध्या मार्कासाठी बाईंच्या टेबलाशी तासभर उभी राहिलेली आमची पिढी. आम्हाला हे अमानुषच वाटणार. त्यात इंग्रजीच्या अख्ख्या भागातल्या 27 प्रश्नांना 41 मिनिटं.

या सगळ्यात फुकटात शिकतेय ती आमची ही. कार्ड नाही, चष्मा नाही, नुसत्या कानांवर. परवा मी फोनवर भावाला सोसायटीच्या निवडणुकीतलं राजकारण समजावत होतो. पाऊण तास झाला असेल. मेथी निवडता निवडता ही लेकीला म्हणाली, "गॅर्युलस."

लेक म्हणाली, "करेक्ट."

दोघी हसल्या. मी फोन ठेवला आणि गुपचूप ‘जी’ची कार्डं शोधायला लागलो.