शिकागो बेअर्सचा स्वप्नसंघ: मधली जागा एक, दावेदार चार

शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल क्लबच्या सर्वकालीन संघासाठी तीन लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतले खेळाडू) निवडायला बसले की पहिल्या पाच मिनिटांतच पंचाईत होते. बिल जॉर्ज, डिक बटकस, माइक सिंगलटरी आणि ब्रायन अर्लॅकर हे चौघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत आहेत आणि चौघेही मधले लाइनबॅकर होते. बहुतेक जण यातून सोपी पळवाट काढतात: एकाला मध्ये ठेवतात, उरलेल्यांपैकी दोघांना डावी-उजवीकडे उभे करतात आणि स्वप्नसंघ झाला म्हणून मोकळे होतात. मला ही पद्धत मुळीच मान्य नाही. मुंबईच्या सर्वकालीन रणजी संघात सलामीवीर फार चांगले आहेत म्हणून त्यांतल्याच एकाच्या हाती यष्टिरक्षणाचे हातमोजे द्यावेत, तसा हा प्रकार आहे.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बचावाच्या पारंपरिक रचनेत पुढे चार दांडगे गडी असतात, मागे चार चपळ गडी असतात आणि या दोन फळ्यांच्या मध्ये तीन लाइनबॅकर असतात. मधल्याला समोरचा डाव वाचून सगळ्यांना इशारे द्यावे लागतात आणि दोन्ही बाजूंना धावावे लागते. कडेच्या दोघांना मात्र आपापली बाजू सांभाळायची असते, त्यामुळे त्यांचे कोन वेगळे आणि पावलेही वेगळी पडतात. ही कामे परस्परांत बदलता येत नाहीत याचा पुरावा बेअर्सच्याच इतिहासात आहे. २००० साली अर्लॅकर ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या वार्षिक निवडीत) नवव्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा त्याला आधी कडेलाच उभे केले होते. तिथे त्याचा जम बसला नाही आणि जागाही गेली. नियमित मधला लाइनबॅकर जखमी झाला म्हणून त्याला मध्ये आणले आणि त्याच मोसमात तो बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

म्हणून कडेच्या जागा कडेवरच्याच माणसांना. पहिली विल्बर मार्शलला. १२ जानेवारी १९८६ रोजी सोल्जर फील्डवर लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध बेअर्सच्याच रिचर्ड डेंटच्या धडकेने क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या आक्रमणाच्या सूत्रधाराच्या हातून चेंडू सुटला, तो मार्शलने उचलला आणि ५२ यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्यात नेऊन गुण मिळवले. त्या धावेचे चित्रीकरण मी कितीदा पाहिले असेल, याचा हिशेब नाही. तो धावत असतानाच भुरभुर बर्फ पडू लागतो आणि प्रेक्षकांचा आवाज वाढत जातो. बेअर्सने तो सामना २४-० असा जिंकला. मार्शल शिकागोत चारच मोसम राहिला, हा आक्षेप रास्त आहे, पण वेग आणि ताकद यांचा तसा मेळ त्या जागेवर बेअर्सकडे पुन्हा दिसला नाही. दुसरी जागा लान्स ब्रिग्जची. सलग सात वेळा प्रो बोलसाठी (मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवड झालेल्या या माणसाला आयुष्यभर ‘अर्लॅकरच्या शेजारचा’ म्हणूनच ओळखले गेले. जो फोर्तुनातो आणि ओटिस विल्सन राखीव.

आता मधली जागा. ती अस्तित्वात आली तीच मुळी बिल जॉर्जमुळे, असे मानले जाते. तोवर तो पुढच्या फळीतच मध्यभागी खेळे. १९५४ साली फिलाडेल्फियाविरुद्धच्या सामन्यात सेंटरला (क्वार्टरबॅककडे चेंडू देणाऱ्या समोरच्या गड्याला) धडक देऊन तो वाकलेला असे आणि त्याच्या डोक्यावरून पास जात. धडक देण्याऐवजी तो दोन पावले मागे सरून उभा राहिला, तेव्हा एक पास अंगावर आदळला आणि पुढचा त्याने झेलला. त्याचे ऋण मोठे आहे, पण ऋण आहे म्हणून जागा देता येत नाही.

सिंगलटरीला नाकारणे सर्वांत अवघड. दहा प्रो बोल, १९८५ आणि १९८८ असे दोनदा सर्वोत्तम बचावपटूचा मान, बारा मोसमांत हुकलेले सामने फक्त दोन. पण त्याच्यापुढे हॅम्प्टन, मॅकमायकल आणि डेंट असे तीन हॉल ऑफ फेमर उभे होते. त्यामुळे अडवायला येणारे बरेचसे खेळाडू त्याच्यापर्यंत पोहोचतच नसत.

अर्लॅकर माझा सर्वांत लाडका, कारण या चौघांत मी प्रत्यक्ष खेळताना पाहिलेला तोच. ऑक्टोबर २००६ मधल्या सोमवारच्या रात्री ॲरिझोनात बेअर्स मध्यंतराला २०-० ने मागे होते. आक्रमणाला अखेरपर्यंत एकही टचडाउन जमला नाही, तरीही सामना २४-२३ असा जिंकला. त्या रात्री अर्लॅकरने ॲरिझोनाच्या एजरिन जेम्सच्या हातातून चेंडू अक्षरशः ओरबाडून घेतला. भाड्याच्या घरात आम्ही तिघे इतके ओरडलो की खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकले.

तरीही माझे मत बटकसला. त्याच्या नऊ मोसमांत बेअर्स एकदाही प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) पोहोचले नाहीत आणि १९६९ साली तर चौदापैकी एकच सामना जिंकले. त्याच्यापुढची फळी सिंगलटरीसारखी नव्हती आणि सामने बहुधा आधीच हातचे गेलेले असत. जुन्या फिती पाहा: तो पाय धरत नाही, छातीच्या उंचीवर मिठी मारून माणसाला उचलतो आणि आपटता आपटता दुसऱ्या हाताने चेंडू खरवडतो. तो फक्त धडक मारणारा होता, ही समजूतही खोटी आहे. त्याने ११९ सामन्यांत २२ इंटरसेप्शन घेतले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे २२ पास स्वतः झेलले, आणि अर्लॅकरचा आकडाही २२ च आहे, पण १८२ सामन्यांत. त्या काळात पास बेफिकिरीने फेकले जात, हे मान्य, पण गुडघा निकामी होत चालला असताना हे झाले, हेही धरावे लागेल.

खलील मॅक का नाही, असे विचारले जाईल. चार मोसमांत ३६ सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) ही कामगिरी थोर आहे, पण त्याचे काम कडेवरून क्वार्टरबॅकवर तुटून पडण्याचे होते. माझ्या संघात त्याला डेंटच्या जागेसाठी भांडावे लागेल.

आमच्या घरात मात्र तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला), पास येणार हे उघड असताना, बटकसला बाहेर काढून अर्लॅकरला आणावे असा एक पक्ष आहे. सुरुवातीच्या मोसमांत सिंगलटरीला असेच बाहेर काढत आणि तो प्रशिक्षकाशी भांडून मैदानावर राहिला. बटकसला बाहेर ये म्हणून सांगायला कोण जाणार, ते त्या पक्षाने आधी ठरवावे.